निकेल, प्लॅटिनम की इरिडियम? प्लग घ्यायच्या आधी हे वाचा

इंजिनमध्ये ठिणगी टाकून पेट्रोल पेटवणारे स्पार्क प्लग बदलायला झालेत असं कळलं की पहिला प्रश्न हाच, साधे टाकू का इरिडियम? एकजण सांगतो इरिडियम टाक, गाडीचा पिकअप बघ कसा होतो, दुसरा म्हणतो कशाला पैसे घालवतोस, साध्यावरही चालतेच की. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. इरिडियमचे पैसे खरंच वसूल होतात, पण पिकअपमधून नाही, आणि साध्यावर गाडी चालतेही, पण प्रत्येक गाडी नाही. (डिझेलवाल्यांनी हे सोडून द्या, तुमच्यात स्पार्क प्लग नसतोच, ग्लो प्लग असतो, त्याचं गणित वेगळं.)

आधी प्लग झिजतो कसा ते बघा म्हणजे पुढचं आपोआप कळेल. इंजिन ३००० आरपीएमला असताना एक प्लग मिनिटाला १५०० वेळा ठिणगी टाकतो, म्हणजे सेकंदाला २५. प्रत्येक ठिणगीला टोकाचा अगदी कणभर धातू उडतो, मग टोकं गोल होतात आणि मधली गॅप वाढत जाते. गॅप वाढली की तेवढीच ठिणगी पाडायला कॉईलला (प्लगला वीज पुरवणारा भाग) जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. त्यामुळे प्लगकडे दुर्लक्ष केलं की पुष्कळदा आधी कॉईल जाते आणि लोक कॉईलला दोष देत बसतात. त्यातून गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे मधेमधे ठिणगी चुकायला लागली, तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाईनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन तिथे जळतं आणि तो भाग बाद होतो, जो प्लगच्या कितीतरी पट महाग.

आता तुलना. साधा प्लग, ज्याला दुकानात कॉपर म्हणतात, त्याचं टोक कॉपरचं नसतंच. ते निकेलच्या मिश्रधातूचं असतं, कॉपर आत असतं, उष्णता बाहेर काढायला. टोक साधारण २.५ मिमी जाड आणि आयुष्य ३० ते ४० हजार किमी धरून चाला. निकेल वितळतं १४५५ अंश सेल्सिअसला, प्लॅटिनम १७६८ ला आणि इरिडियम २४४६ ला, आणि इरिडियम कडकही खूप, म्हणून त्याचं टोक ०.४ ते ०.६ मिमी इतकं बारीक करता येतं. बारीक टोकाला ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते, कॉईलवर ताण कमी, थंड इंजिन चालू व्हायला सोपं. चांगल्या इरिडियमला १ लाख किमी किंवा त्याहूनही जास्त अंतर कंपन्याच देतात, प्लॅटिनम या दोघांच्या मधे.

पण इथे एक मेख आहे जी खोक्यावर मोठ्या अक्षरात नसते. प्लगला टोकं दोन, मधलं आणि वरून वाकून येणारं बाजूचं, आणि झिजतात दोन्ही. एनजीके या प्लग कंपनीचंच बघा, इरिडियम आयएक्समध्ये इरिडियम फक्त मधल्या टोकाला आहे, बाजूचं निकेलचं, आणि लेझर इरिडियममध्ये बाजूच्या टोकालाही प्लॅटिनमचा तुकडा असतो. दोन्ही इरिडियमच, पण पहिला लेझरइतका टिकणार नाही कारण निकेलची बाजू आधी संपते. तसंच जुन्या पद्धतीच्या इग्निशनमध्ये जिथे एक कॉईल दोन सिलेंडर सांभाळते तिथे अर्ध्या प्लगमध्ये ठिणगी उलट दिशेने उडते, मग बाजूचं टोक जास्त झिजतं, अशा गाडीला डबल प्लॅटिनमच (दोन्ही टोकांना प्लॅटिनम) घ्या, सिंगल नको.

पिकअपचं सांगतो. इंजिन ठीक असेल आणि जुने प्लग संपलेले नसतील तर निकेल काढून इरिडियम टाकल्यावर गाडी वेगळी वाटत नाही. लोकांना जो फरक जाणवतो तो नव्या आणि झिजलेल्या प्लगमधला असतो, नवे निकेल टाकले असते तरी तोच जाणवला असता.

मग निवडायचं कसं? मॅन्युअलमध्ये इरिडियम सांगितलंय तर खाली उतरू नका, विशेषतः टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये सोडणाऱ्या) गाडीत, कारण तिथे सिलेंडरमधलं प्रेशर जास्त असतं आणि गॅप जराशी वाढली तरी जोर लावला की मिसिंग. (ताकद वाढवून घेतलेल्या टर्बोवाले काहीजण मुद्दाम निकेल वापरतात पण ते प्लग लवकर लवकर बदलतात, रोजच्या गाडीला तो उद्योग नको.) मॅन्युअलमध्ये निकेल असेल तर तुम्हाला मोकळीक आहे. समजा इरिडियम तिप्पट महाग आणि तिप्पट टिकला, तर प्लगचा खर्च सारखाच झाला, पण मजुरी तीनदा द्यायची का एकदा एवढाच प्रश्न उरला. चार सिलेंडरच्या बहुतेक गाड्यांत प्लग वरच असतात, अर्ध्या तासाचं काम, तिथे निकेल टाकून वेळेवर बदलत राहिलात तरी काही बिघडत नाही. पण आडव्या बसवलेल्या व्ही६ मध्ये (तीन-तीनच्या दोन रांगांचं सहा सिलेंडरचं इंजिन) मागचे तीन प्लग बऱ्याचदा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनला हवा देणाऱ्या नळ्यांचा भाग) उतरवल्याशिवाय हाताला लागत नाहीत, तिथे सगळ्यात जास्त टिकणारा प्लग घ्या, दुसरा विचारच करू नका. सीएनजीवर चालवत असाल तर ठिणगीला व्होल्टेज जास्त लागतं, म्हणून प्लग लवकर तपासायचे.

हीट रेंज, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते, मात्र धातूपेक्षा महत्त्वाची आणि तीच लोक विसरतात. एनजीके आणि डेन्सो कंपन्यांच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं, आकडा मोठा म्हणजे गरम. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०. तेव्हा ब्रँड बदलताना आकड्याला आकडा जुळवू नका, गाडीच्या मॉडेलवरून प्लग कंपनीच्या यादीत बघा.

स्वतः बदलायचे का गॅरेजमध्ये? वरून कॉईल दिसत असतील तर स्वतः करा, पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. कॉईल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यातली धूळ आधी हवेने उडवा नाहीतर ती सिलेंडरमध्ये पडते. नवा प्लग हातानेच फिरवत घाला. मी एकदा घाईत सुरुवातीपासूनच पाना लावला, प्लग तिरका बसला आणि अॅल्युमिनियमच्या हेडमधले (इंजिनचा वरचा भाग) आटे गेले, मग तिथे नव्या आट्यांची स्लीव्ह बसवावी लागली, म्हणून सांगतो. हातावर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, समजत नाही, टॉर्क पाना वापरा, १४ मिमी आट्यांच्या वॉशरवाल्या प्लगला २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमीला १५ ते २०, आणि मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर ते धरा. पाना नसेल तर हाताने बसल्यावर नव्या वॉशरवाल्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, पण वॉशर नसलेल्या निमुळत्या बैठकीच्या प्लगला फक्त सोळावा भाग, इथे बरेचजण चुकतात. आट्यांना अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचं वंगण) लावू नका, एनजीके स्वतः नको म्हणते, कारण त्याने आटे घसरतात आणि प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. इरिडियमच्या बारीक टोकाला गॅप वाढवायला काही टेकवू नका, ते तुटतं. खाली पडलेला प्लग वापरूच नका, आतल्या चिनी मातीला बारीक तडा गेला तर बाहेरून दिसतही नाही.

गॅरेजमध्ये दिलीत तर जुने प्लग परत मागा, सिलेंडरच्या क्रमाने. एकदा मी मागितले तेव्हा पुढचेच बदललेले निघाले, मागचे तसेच, बिल सगळ्यांचं. शिवाय जुने प्लग बरंच सांगतात. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरं पडून फोड आले असतील तर प्लग फार तापत होता, टोकाला ओलं तेल म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील बघायला हवं. आणि तेल फक्त बाहेरच्या खड्ड्यात असेल तर घाबरू नका, ते बहुतेक वेळा व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट असतं, पण तेही त्याच वेळी बदलून घ्या, नाहीतर कॉईलचं रबर तेलाने फुगतं आणि नव्या प्लगवरही गाडी मिसिंग करते.