स्वतःला गुण द्यायचे की स्वतःला स्वीकारायचं?

दहावीला ९२ टक्के पडले की पोरगी ‘हुशार’, बारावीला ६१ वर आली की ‘वाया गेली’. आपल्याकडे आत्मसन्मान बहुतेकदा असाच वाढवला जातो, यशावरून किंमत ठरवून. तो झटपट वाढतो, उमेदही देतो, हे खरं. पण निकाल फिरला, नोकरी गेली किंवा लग्नकार्यात कुणी टोचून बोललं की ढासळतो. शिवाय अपयशाच्या धास्तीने माणूस अवघड काम हातीच घेत नाही. माझ्या मते हे नुकसान सर्वांत मोठं.

दुसरी वाट अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. १९५५ पासून विकसित केलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत त्यांनी विनाअट स्वस्वीकार मांडला: मोजमाप कृतीचं करावं, अख्ख्या माणसाचं नाही. ‘माझं गणित कच्चं आहे’ हे तपासता येतं, सुधारता येतं. ‘मी बिनकामाची’ याचं काय करणार? असा स्वीकार म्हणजे चुकांवर पांघरूण, असा आक्षेप येतो. मला तो पटत नाही. किंमत पणाला लागलेली नसते तेव्हाच चूक मोकळेपणी कबूल करता येते. ही सवय हळूहळू लागते, आणि घरात टोमणे चालू असतील तर फारच जड जाते. तरी दहावी-बारावीच्या मुलांसाठी मी हीच वाट निवडेन.