करिअर सेंटर: रेझ्युमे तपासणी सोडा, मॉक इंटरव्ह्यू घ्याच

अमेरिकेत हायर एज्युकेशनचं मास्टर्स करत पहिली नोकरी स्टुडंट अफेअर्समध्येच (म्हणजे विद्यापीठात वर्गाबाहेरचं विद्यार्थी-जीवन सांभाळणाऱ्या विभागांत) शोधणाऱ्यांसाठी लिहितेय. आमच्या विद्यापीठाच्या करिअर सेंटरचा हा अनुभव. नाव लिहीत नाही. पाचपैकी साडेतीन तारे, त्यातले तीन एकट्या मॉक इंटरव्ह्यूचे.

आधी रेझ्युमे तपासणी. समोर बसलेला पीअर कोच, म्हणजे सल्ला देणारा विद्यार्थीच, बीएचा, स्वभावाने गोड. 'ड्यूटी रोटेशन' (हॉस्टेलमधली आळीपाळीने येणारी ड्यूटी) वाचून त्याने विचारलं, "म्हणजे शिफ्ट का?" मग म्हणाला, सगळं एका पानात बसव. बँकेत अर्ज करणाऱ्याला हा सल्ला ठीक असेल. आपल्या क्षेत्रात असिस्टंटशिप (शिकताना केलेली विद्यापीठातली नोकरी), प्रॅक्टिकम (अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष काम), आरएंचं (हॉस्टेलमध्ये राहून इतर मुलांकडे बघणाऱ्या विद्यार्थी-सहायकांचं) सुपरव्हिजन हे सगळं लिहायचं तर दुसरं पान लागतंच, आणि ते चालतं. सर्च कमिटी, म्हणजे निवड समिती, जाहिरातीतली एकेक पात्रता समोर ठेवून अर्ज वाचते. कव्हर लेटरमध्ये त्या पात्रतांना उत्तर दिसलं पाहिजे. हे त्याने सांगितलं नाही.

जॉब फेअरचंही तेच. ती भरते शरद सत्रात आणि येतात अकाउंटिंग फर्म. रेसिडेन्स लाइफच्या (हॉस्टेल विभागाच्या) जागांचा खरा हंगाम जानेवारी ते एप्रिल. नास्पा १९१९ पासून आहे, एसीपीए १९२४ पासून. दोन्ही आपल्याच क्षेत्राच्या संघटना, आणि सेंटरच्या 'उपयुक्त दुवे' यादीत दोघींचा पत्ता नाही! करिअर सेंटर स्वतः बऱ्याच ठिकाणी स्टुडंट अफेअर्समध्येच मोडतं, म्हणून जास्त हसू आलं. जागा शोधायला मी हायरएडजॉब्स ही वेबसाइट वापरली. नोकरी शोधणाऱ्याला ती फुकट आहे.

आता मॉक इंटरव्ह्यू. इथे समुपदेशक बाई स्वतः कधीकाळी हॉल डायरेक्टर होत्या (आईच्या भाषेत हॉस्टेलच्या रेक्टर), आणि ते पहिल्याच प्रश्नात कळलं. रात्री दोनला ड्यूटी फोन वाजतो, आरए सांगतो की एका मुलीने त्याला लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलंय, आणि 'कुणाला सांगू नकोस' असंही म्हणालीय. पुढे काय? मी टायटल नाइन ऑफिसला (लैंगिक भेदभाव-अत्याचाराच्या तक्रारी बघणाऱ्या विद्यापीठाच्या कार्यालयाला) कळवण्यापर्यंत पोचले, तरी बाई थांबेनात. त्या मुलीला गोपनीयतेचं नेमकं काय सांगशील? रिपोर्टमध्ये काय लिहिशील, काय गाळशील? सकाळी त्या आरएशी काय बोलशील? शेवटचा प्रश्न पुढे मला खऱ्या मुलाखतीत जसाच्या तसा आला.

कॅम्पस व्हिजिटचा (विद्यापीठात प्रत्यक्ष बोलावून घेतात त्या मुलाखतीचा) सरावही त्यांनीच करून घेतला. प्रेझेंटेशनला टाइमर लावला. विद्यार्थ्यांबरोबरचं जेवण हीसुद्धा मुलाखतच, तेव्हा ताटात सुटसुटीत खाता येईल असंच घे, म्हणाल्या. आणि आपण विचारायचे प्रश्न लिहून दिले: करार दहा महिन्यांचा की बाराचा, उन्हाळ्यात मील प्लॅन बंद होतो का, हॉस्टेलमध्येच राहायला मिळतं त्या लिव्ह-इन अपार्टमेंटमध्ये जोडीदार राहू शकतो का, ड्यूटी किती दिवसांनी येते. पगाराचा आकडा लहान दिसतो तो घर-जेवण हाही मोबदल्याचाच भाग असतो म्हणून. त्यामुळे हे प्रश्न भिडेपोटी गिळू नका.

व्हिसाबद्दल मात्र त्यांनी सरळ इंटरनॅशनल ऑफिसकडे पाठवलं, आणि ते योग्यच केलं. आपली पदवी स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित शाखांत) बसत नाही, म्हणजे ओपीटी, पदवीनंतर काम करायची परवानगी, १२ महिन्यांचीच, आणि त्यात बेकार राहता येतं ते जास्तीत जास्त ९० दिवस. विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा लागू नाही हा दिलासा, पण सगळीच विद्यापीठं सुरुवातीच्या पदांना स्पॉन्सर करत नाहीत. एचआरला कॅम्पस व्हिजिटचं विमानाचं तिकीट निघण्याआधीच विचारा.

मॉक इंटरव्ह्यूच्या वेळा फेब्रुवारीत संपलेल्या असतात. डिसेंबरातच बुक करा, आणि फॉर्मवर 'कोणताही समुपदेशक' न निवडता रेसिडेन्स लाइफमध्ये काम केलेलं कोण आहे ते फ्रंट डेस्कला विचारून त्यांचंच नाव टाका.