वाडीच्या सांडपाण्याची तयार एफआरपी टाकी: टाकी दमदार, कोटेशन अपुरं

मुळशी, मावळ, भोरकडच्या वाड्यांना पुण्यातले पुरवठादार विकतात तो संच असा: आत कप्पे असलेली एफआरपीची, म्हणजे फायबरची टाकी आणि पुढे खडी-कर्दळीचा वाफा. ना वीज, ना हवा सोडणारा ब्लोअर. उताराने पाणी चालतं. मोरीचं आणि भांड्यांचं पाणी एवढंच यात सोडायचं. संडास आणि गोठ्याची लाइन जोडू नका.

जमिनीत खोलपर्यंत मुरूमच असेल आणि पाणी मुरत असेल तर हा संच घेऊच नका. नांदेड पॅटर्नचे शोषखड्डे स्वस्तात काम करतात. पण दोन फुटांवर काळा पाषाण लागतो आणि पावसाळ्यात खड्डे उलटे भरतात, अशा वाडीला हा संच खरोखर उपयोगी आहे.

आकाराचा हिशोब सोपा आहे. ४० उंबरे, २०० माणसं, माणशी ५५ लिटर. त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर रोज ८,८०० लिटर. म्हणजे १० हजार लिटरचा संच बरोबर बसतो. वाफा मात्र अर्ध्या गुंठ्याचा दाखवतात, तिथे अडतं. माणशी एक चौरस मीटर धरा. दोन गुंठे लागतात.

टाकीचं काम चांगलं असतं, बिघडते ती बसवताना. रिकामी टाकी भूजलात बुडाली की दहा हजार लिटरमागे जवळपास दहा टनांची उचल बसते आणि टाकी पाइप तोडून वर येते. म्हणून खाली आरसीसी स्लॅब हवा, त्याला पट्ट्यांनी टाकी बांधायची. आत पाणी भरत भरतच बाहेरून बारीक मुरूम भरायचा. त्यात दगड राहिला तर टाकीला भोक पडतं. लेव्हल ट्यूब लावून चारही कोपरे तपासा. टाकी कलली की पाणी एकाच बाजूने पळतं आणि कप्पे नुसते नावाला उरतात. गाळ उपसायचा तो मार्च ते मेमध्ये. भर पावसात टँकरने टाकी रिकामी केली की तीच उचल पुन्हा. उपसताना तळाचा थोडा गाळ राहू द्या, पाणी साफ करणारे जिवाणू त्यातच असतात.

सुरुवातीला शेणकाला किंवा जुन्या सेप्टिक टँकचा गाळ घाला. नीट चालायला दोन-तीन महिने जातात. तोवर वास येणारच, घाबरू नका.

कोटेशनमध्ये हमखास नसतो तो टाकीच्या आधीचा जाळीचा चेंबर. भात, चहाचा चोथा, भांड्यांची राख, तेलाचा थर तिथेच अडायला हवा आणि दर आठवड्याला काढायला हवा. हे काम ग्रामपंचायतीच्या कोणत्या कर्मचाऱ्याचं, ते आधीच ठरवा. पागोळ्यांचं पाणीही वेगळं काढा. मुळशीचा पाऊस आत शिरला की टाकीतला जिवंत गाळ एका रात्रीत वाहून जातो.

वाफ्यात क्रशरची खडी कच धुऊनच टाका. तोंडाशी ४० ते ६० मिमी, मध्ये १० ते २० मिमी. पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थरापासून १० सेंटीमीटर खाली राहिली पाहिजे, नाहीतर डास होतात. ती बदलता यावी म्हणून आउटलेटला फिरता एल्बो मागून घ्या. वाफ्यावर पाणी साचलं तर आधी तोंडाकडची खडी काढून धुवा. चोंदते ती तिथेच.

पैशांचं आधीच पाहा. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५ हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये, म्हणजे या वाडीला ५६,००० रुपये. त्यातलेही ३० टक्के ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. एवढ्यात टाकी, खोदाई, खडी सगळं बसत नाही. स्लॅब, चेंबर आणि दोन गुंठ्यांचा वाफा कोटेशनमध्ये लिहून घेतल्याशिवाय ग्रामसभेत ठराव मांडू नका.