प्रकल्पासाठी सोलापूर १९३० की साताऱ्याचे प्रतिसरकार?

नववीच्या प्रकल्पाला कोणता विषय घ्यावा, या पेचात अनेकजण असतात.

मांडायला सोलापूर सोपे. मे १९३० मध्ये तिथे मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. दहा पानांत मावते. नेहमीची चूक एकच: फाशी सोलापुरात दाखवतात, ती येरवड्याला झाली.

प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभारलेले समांतर सरकार, पसरट आहे, पण साहित्य भरपूर. १९४३ ते १९४६, क्रांतिसिंह नाना पाटील, गावोगावची न्यायनिवाडा मंडळे, जी. डी. बापू लाड यांची तुफान सेना (प्रतिसरकारचे लढाऊ दल). इथे नकाशाच घात करतो. प्रतिसरकारचे एक मुख्य गाव कुंडल आज सांगली जिल्ह्यात. तेव्हा ते औंध संस्थानात होते. जुन्या कागदांत ‘सांगली जिल्हा’ शोधत बसाल तर काही हाती लागणार नाही. शिवाय प्रतिसरकारला ‘पत्री सरकार’ही म्हणत; त्यातल्या ‘पत्री’ या नावाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एकच कथा खरी म्हणून छापू नये. (पायाला पत्रे ठोकण्याची गोष्ट मुलांना फार आवडते, तिथेच फसतात.)

आठवडाच हातात असेल तर सोलापूर. महिना असेल आणि कुंडलकडे जाता येत असेल, तर प्रतिसरकार.