‘जेनेटिक टेस्ट’ ऐकून घरात रडारड, लॅबला अडीच स्टार

मेहुण्याच्या खांद्यावर चारपाच वर्षं एक गाठ होती, हळूहळू वाढायची, दुखत नाही खुपत नाही म्हणून सगळे म्हणायचे चरबीची आहे, राहू दे. शेवटी नाशिकरोडला काढून घेतली. डॉक्टर भला माणूस, गाठ फेकून न देता बायोप्सीला पाठवली. रिपोर्टमध्ये स्पिंडल सेल ट्यूमर, म्हणजे लांबट पेशींची गाठ, सीडी ३४ नावाची पेशींवरची खूण पॉझिटिव्ह, आणि खाली लिहिलेलं, डीएफएसपी वाटतोय, फिश टेस्ट करा. डीएफएसपी म्हणजे डर्मॅटोफायब्रोसारकोमा प्रोट्युबरन्स, कातडीचा एक कॅन्सर, नाव घेतानाच बोबडी वळते. सासूबाई म्हणे, आपण माळकरी, मासे कशाला?

तर त्या फिशसाठी कॉलेज रोडच्या एका लॅबमध्ये गेलो, नाव टाकत नाही. काउंटरवरचा मुलगा फॉर्म भरताना सहज बोलून गेला, ही जेनेटिक टेस्ट आहे. झालं! मेहुण्याची बायको म्हणाली मग माझ्या पोरींना पण होणार का हो? तर म्हणे मॅडम ते डॉक्टर सांगतील. दोन रात्री घरात कुणी धड जेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम भेटल्या, आणि जे काही स्टार आहेत ते यांचेच. पाकिटाच्या मागे चित्र काढून दाखवलं. क्रोमोसोम १७ आणि २२ चे तुकडे अदलाबदल होतात, पण फक्त त्या गाठीच्या पेशींमध्ये, आईबापाकडून आलेलं नाही आणि पोरींकडे जाणार नाही. कोलाजनचा जीन दुसऱ्या एका जीनला चिकटतो आणि पेशीला सारखं वाढ वाढ म्हणत बसतो. टेस्टला रक्त लागतच नाही, गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, त्या ब्लॉकमधून पातळ काप घेऊन त्यावर चमकणारे रंग टाकतात, ते रंग कुठे आहेत ते मायक्रोस्कोपखाली बघतात. निगेटिव्ह आली तरी शंभर टक्के सुटलो असं नाही, थोड्या केसेसमध्ये जीन वेगळा असतो, हेही त्यांनीच सांगितलं.

मी विचारलं एवढा खटाटोप कशाला, गाठ तर निघाली ना? तर म्हणाल्या डर्मॅटोफायब्रोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ असती तर सोडून दिलं असतं, ही लांब सहसा पसरत नाही पण आजूबाजूची थोडी चांगली कातडी धरून कापली नाही तर तिथेच परत येते. आमची पॉझिटिव्ह आली, मग सर्जनने परत उघडून आजूबाजूची दोनतीन सेंटीमीटर कातडी काढली. ऑपरेशन शक्य नसेल तर इमॅटिनिबच्या गोळ्या असतात म्हणे, आम्हाला लागल्या नाहीत.

आता तक्रारी. सात दिवस सांगून रिपोर्ट बाराव्या दिवशी, रोज फोन करा, रोज उद्या. बिल तोंडी सांगितल्यापेक्षा पंधराशे जास्त. पण खरा राग याचा की ब्लॉक परत घेताना घाईत डबी खिशात टाकली, मुंबई नाक्याला पोचल्यावर बघतो तर नंबरच वेगळा, दुसऱ्याच कुणाचा ब्लॉक! परत गेलो तर तो मुलगा हसून म्हणतो, होतं असं कधी कधी. अरे, त्या माणसाला सेकंड ओपिनियनला मुंबईला जायचं असेल तर तो काय घेऊन जाणार? तिथेच उभं राहून ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी जुळवून घेतला, मगच निघालो.