कारागृह सेवेचं ट्रेनिंग : जेलच्या आतलं छान शिकवलं, बाहेरचं राहूनच गेलं

आमच्या पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, ग्रुपवर मेसेज आला होता की कारागृह सेवेसाठी, म्हणजे जेलमध्ये जाऊन कैद्यांना भेटायला, स्वयंसेवक हवेत, आधी निवासी ट्रेनिंग कंपल्सरी. मी जाऊन आल्यापासून जो भेटतो तो विचारतोय कसं होतं, जावं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. जागेचं आणि आयोजकांचं नाव मुद्दाम घेत नाहीये कारण खाली तक्रारीपण आहेत आणि माणसं मात्र मनापासून राबत होती.

आधी साध्या गोष्टी. राहायचं रिट्रीट हाऊसला, रूम शेअरिंग, गरम पाणी येतं पण सकाळच्या मिस्साआधी (चर्चमधली मुख्य प्रार्थना) आंघोळ उरकायची म्हणजे रांग. जेवण मस्त, शेवटच्या रात्री बांगडा होता. फी नाममात्र. पब्लिक एकदम मिक्स, वसईकडच्या व्हिन्सेंट डी पॉल या गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेतल्या मावश्या, काही सिस्टर्स, सेमिनरीत फादर व्हायला शिकणारी पोरं, बँकेतून रिटायर झालेले एक काका आणि नगरहून आलेले सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) पाळकसाहेब. पाळकसाहेब आधीपासून जेलमध्ये जातात त्यामुळे स्टेजवरून काही हवेतलं बोललं गेलं की ते हळूच हात वर करायचे, आणि खरं सांगायचं तर अर्धं ट्रेनिंग त्या हातामुळेच वसूल झालं.

पहिला भाग जेलमध्ये वागायचं कसं याचा. शिकवायला एक निवृत्त जेलर होते, बोलणं तुटक पण मुद्द्याचं. मोबाईल गेटवर, पर्सपण गेटवर, चिठ्ठी आत न्यायची नाही आणि आतून आणायची तर नाहीच, कितीही गयावया केली तरी, कारण कारागृह कायद्यात तो गुन्हा आहे आणि तुमच्यामुळे सगळ्या ग्रुपची परवानगी जाते. "काय केलंस?" हा प्रश्न विचारायचाच नाही. "बघतो, तुझ्या जामिनाचं करतो" असं चुकूनही म्हणायचं नाही, तो माणूस पुढच्या भेटीपर्यंत त्या एका वाक्यावर जगतो. प्रवचन द्यायला जायचं नाही, धर्माची पत्रकं वाटायला तर बिलकूल नाही, आत सगळ्या जातीधर्माचे लोक आहेत आणि तुम्ही फक्त ऐकायला गेलाय. हे सगळं त्यांनी प्रसंग उभे करून करून घेतलं, दोघं बंदी, दोघं स्वयंसेवक, बाकीचे बघतायत. या सेशनला पैकीच्या पैकी.

पण खरी भारी होती वकील मॅडमची दुपार. जेवणानंतरचं सेशन म्हणजे सगळे पेंगणार असं वाटलं होतं, कोणी पेंगलं नाही. त्यांनी सुरुवातच आकड्याने केली, २०२२च्या सरकारी आकडेवारीनुसार देशभरातल्या जेलांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या केसचा निकालच लागलेला नाही. शंभरातले जवळपास ७६. मग म्हणाल्या, आता सांगा, तुम्ही ज्याला "पश्चात्ताप कर" सांगायला निघालात त्याने गुन्हा केलाय हे तुम्हाला कोणी सांगितलं? सगळे गप्प.

त्याच्या पुढचा मुद्दा तर बहुतेकांना माहीतच नव्हता. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही पण तुमच्यामाझ्यासारख्या बाहेरच्या माणसापुढे दिलेला चालू शकतो. म्हणजे एखादा पोरगा तुमच्यापुढे रडून मोकळा झाला तर उद्या तुम्हाला साक्षीला बोलावू शकतात. वकिलाला आपल्या अशिलाचं बोलणं गुप्त ठेवायचं कायद्याचं संरक्षण आहे, नवराबायकोला आहे, स्वयंसेवकाला नाही. एका ब्रदरने विचारलं मग कन्फेशनचं, म्हणजे फादरपुढे दिलेल्या पापांच्या कबुलीचं काय? तर चर्चच्या कायद्यात त्याची गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूला थेट बहिष्कार आहे, पण भारताच्या पुरावा कायद्यात धर्मगुरूसाठी वेगळी सूट लिहिलेली नाही, आणि प्रापंचिकांचा, म्हणजे फादर-सिस्टर नसलेल्या साध्या चर्चवाल्यांचा, तर प्रश्नच येत नाही. म्हणून कच्च्या कैद्याशी घरच्यांबद्दल बोला, तब्येतीबद्दल बोला, वकील मिळालाय का विचारा, घटनेबद्दल नको. मिळाला नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फुकट. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी आत बसलेल्यांसाठी केंद्राची २०२३ची योजना आहे, सुरू झाली तेव्हा कच्च्या कैद्याला ४०,००० पर्यंत मदत होती, दंड न भरल्याने अडकलेल्या पक्क्या कैद्याला २५,००० पर्यंत. हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलंय, कारण प्रार्थनेइतकाच याचाही उपयोग आहे (आमच्या फादरना हे वाक्य आवडणार नाही, असो).

आता मुख्य विषय, ज्यासाठी बॅनर लावला होता तो. रिस्टोरेटिव्ह जस्टिस, मराठीत त्यांनी पुनर्स्थापक न्याय लिहिलं होतं. कल्पना अशी की गुन्हा म्हणजे नुसता कायदा मोडणं नाही, कोणाचं तरी नुकसान झालंय, मग कोणाचं झालं, त्याला काय हवंय आणि ते भरून देणं कोणाचं काम हे आधी विचारायचं. कॅनडातल्या एलमायरा गावाची गोष्ट सांगितली. १९७४ साली दोन पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली आणि मेनोनाइट चर्चच्या दोन कार्यकर्त्यांनी न्यायाधीशांच्या संमतीने त्यांना त्या लोकांच्या दारात नेऊन उभं केलं, नुकसान विचारून घेतलं, पोरांनी पुढे भरपाईपण दिली. मग न्यूझीलंडचा १९८९चा मुलांसाठीचा कायदा, त्यात अख्खं कुटुंब बसून ठरवतं. मग बायबलमधला जकातदार जक्कय, जो उंबरावरून उतरून म्हणाला की फसवलेलं चौपट परत देतो. छानच आहे सगळं. पण एकेक स्लाइड आणि पुढे चला, स्लाइड्सपण इंग्रजीत, मावश्या बिचाऱ्या फोटो काढत होत्या घरी मुलांकडून वाचून घ्यायला.

महाराष्ट्रातलं काही नव्हतंच. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला औंध संस्थानाने १९३९मध्ये कैद्यांची खुली वसाहत काढली, कैदी बायकामुलांसकट शेती करून राहायचे. हे पाळकसाहेबांनी चहाला सांगितलं, स्टेजवरून नाही.

भारतातलं एकच उदाहरण होतं, सिस्टर राणी मारिया या केरळच्या ननचं. मध्य प्रदेशात उदयनगर भागात आदिवासींना सावकारांच्या कचाट्यातून सोडवायचं काम करायच्या, २५ फेब्रुवारी १९९५ला समंदर सिंहने त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. २००२च्या रक्षाबंधनाला त्यांची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी इंदूरच्या जेलमध्ये जाऊन त्याला राखी बांधली. पुढे घरच्यांनीच सुटकेसाठी अर्ज केला, २००६मध्ये तो सुटला, आणि ४ नोव्हेंबर २०१७ला इंदूरला राणी मारिया यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं त्या सोहळ्याला तो हजर होता. हॉलमध्ये सगळे रडले, मीपण. पण गोष्ट राखीवर संपवली गेली आणि माझं डोकं तिथेच अडकलं. १९९५ ते २००२ म्हणजे सात वर्षं. स्वामी सदानंद नावाचे धर्मगुरू त्या काळात त्याला जेलमध्ये भेटत होते, त्यानंतर कुठे ही भेट घडली. त्या सात वर्षांत राणी मारियांच्या केरळच्या घरात काय चाललं असेल, आई कोणाशी बोलली असेल, बहिणीला तिथवर यायला काय लागलं असेल, ट्रेनिंग घ्यायचं तर त्याचं घ्यायला हवं ना? नुसती राखी दाखवून आम्ही काय शिकणार?

आणि लगेच त्याच्यावर रोल प्ले. एका मावशींना खून झालेल्या मुलाची आई केलं आणि ट्रेनर दहा मिनिटांत त्यांना माफीपर्यंत आणायला बघत होते, "प्रभूनेही माफ केलं" वगैरे. मावशी म्हणाल्या, "मला नाही करायचं माफ, अजून त्याचे कपडे कपाटात आहेत." ट्रेनर हसून म्हणाले वेळ संपला. मला भयंकर खटकलं. खरी आई असती तर परत चर्चची पायरी चढली नसती. माफी मागायला लावणं सोपं, पण ती द्यायलाच लावणं म्हणजे त्या बाईवर दुसरा मार आहे, आणि या सगळ्या विचाराचं मूळच असं की नुकसान झालेल्याला काय हवंय ते आधी विचारा. तिला कदाचित माफीबिफी नको असेल, केसची तारीख कळायला हवी असेल, कोर्टात सोबत बसायला कोणी हवं असेल, भरपाईचा अर्ज कुठे करतात ते हवं असेल. लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३पासून आहे, तिचं नावही अख्ख्या ट्रेनिंगमध्ये निघालं नाही.

पाळकसाहेबांनी शेवटच्या चर्चेत विचारलं, पॅरोलवर सुटलेला माणूस ज्या वाडीत परत जातो त्याच वाडीत मेलेल्याचं घर असतं, विहीर एक, रेशनचं दुकान एक, दोघंही कधी कधी आपल्याच चर्चमध्ये येतात, तर आम्ही आधी कोणाच्या दारात जायचं? उत्तर आलं की हा ॲडव्हान्स कोर्सचा विषय आहे. माझ्या मते हाच बेसिक आहे. कोर्टात मिटवता येणारे गुन्हे म्हणजे तडजोडपात्र, छोटे छोटे. मोठ्या गुन्ह्यात आपल्याकडे कायद्याने असं समोरासमोर बसवायची सोय नाही, मग जे काही होणार ते असंच वाडीत, दारात, वर्षानुवर्षं होणार आणि ते करणारी माणसं पॅरिशचीच असणार.

तर जावं का? जेलमध्ये भेटी द्यायला सुरुवात करायची असेल तर नक्की जा, न शिकता जाऊ नकाच. रिस्टोरेटिव्ह जस्टिससाठी म्हणून जात असाल तर थांबा, पुढच्या बॅचला पीडितांच्या बाजूचं सेशन आहे का ते आधी फोन करून विचारा. फीडबॅक फॉर्ममध्ये मी हे सगळं लिहिलंय, मराठी नोट्सचंही. पाचपैकी साडेतीन, त्यातला दीड एकट्या वकील मॅडमचा. फॉर्मसोबत पॅरिश प्रीस्टचं पत्र आणि आधारची झेरॉक्स लागते, आणि अंथरायची चादर घरून न्या.