सावंतवाडी ते दुबई: मोपावरून की मुंबईवरून?

नकाशावर मोजलं तर दुबईला मुंबईच जवळ. मुंबई–दुबई हवाई अंतर साधारण 1,930 किलोमीटर, गोव्याच्या मोपा विमानतळाहून साधारण 2,200. विमानाला फरक पडतो वीस-पंचवीस मिनिटांचा. पण सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्याच्या माणसाने हे आकडे बघून तिकीट काढू नये. आपला खरा वेळ जातो तो विमानतळ गाठण्यात.

सावंतवाडीहून मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास. रात्रीची कोकणकन्या धरली तरी नऊ-दहा तास. ठाण्याला उतरून बॅगा सांभाळत अंधेरीचा विमानतळ गाठायला तास-दीड तास, विमानाआधी तीन तास हजेरी, वर सव्वातीन तासांचं उड्डाण. सतरा तास कुठे गेले नाहीत. गाडी लेट झाली तर म्हणून हातचे तीन-चार तास धरावे लागतात ते वेगळेच. पावसाळ्यात तर कोकण रेल्वे वेगळ्या वेळापत्रकाने, कमी वेगात चालते. तेव्हा मुंबईवरून जायचं असेल तर मी घरच्यांना आदल्या दिवशीच निघायला लावतो.

मोपा जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला आणि तळकोकणचं हे गणित बदललं. सावंतवाडीहून बांद्यामार्गे गाडीने पाऊण तास. थेट विमान मिळालं तर दारातून निघून सात-साडेसात तासांत दुबई. मात्र थेट विमानं मुंबईइतकी नाहीत आणि हंगामाप्रमाणे बदलतात. तारीख मागेपुढे करता येत असेल तर आधी मोपाच बघा, तिकीट थोडं महाग पडलं तरी. म्हातारे आई-वडील किंवा लहान मूल सोबत असेल तर माझ्या मते प्रश्नच उरत नाही.

मोपाहून मुंबईत विमान बदलून जाणार असाल, तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी काढलीत तर पहिल्या टप्प्याला सामानाचा देशांतर्गत नियम लागतो, म्हणजे बहुतेक ठिकाणी 15 किलो. दुबईच्या हिशोबाने भरलेली बॅग मोपाच्या काट्यावरच जास्त भरते. मुंबईत सामान ताब्यात घेऊन पुन्हा रांगेत उभं राहायचं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं चुकण्याची जबाबदारी तुमची. कोकम आगळाची बाटली मोठ्या बॅगेतच घाला. 100 मिलीपेक्षा मोठी बाटली हातातल्या पिशवीतून सोडत नाहीत.

चिपळूण-गुहागरवाल्यांनी सरळ मुंबई धरावी. त्यांना मोपा उलट लांब पडतो. रत्नागिरीकरांचं मात्र अधांतरी आहे. मोपा जवळ, पण मुंबईला गाड्या आणि विमानं दोन्ही भरपूर, त्यामुळे थेट विमानाची वेळ जुळली तरच दक्षिणेकडे वळावं. आणि मुंबईचं तिकीट काढताना विमानतळाचं नाव नीट वाचा. पनवेलजवळचा नवी मुंबई विमानतळही आता सुरू आहे. अंधेरी समजून पनवेल मागे टाकलंत, तर तेवढंच अंतर पुन्हा उलट यावं लागेल.